इन कॅमेरा म्हणजे बंद खोली

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण अर्धवट सोडू नका. कारण शेवटी कामाची माहिती आहे आणि मधे माझी स्वतःची एक चूक आहे.

मागे पवनीच्या बस स्टँडवर एक बाई भेटली. हातात प्लास्टिकची फाइल, डोक्यावरून पदर, सोबत चार-पाच वर्षांची पोरगी. मला ओळखत असावी. जवळ आली नि म्हणाली, "भाऊ, तुमी पेपरवाले ना? एक विचारू का? वकीलबाई म्हणल्या, तुझी केस इन कॅमेरा चालन. म्हंजे मोबाइलच्या कॅमेऱ्यात का?"

आधी हसू आलं. मग तिला सांगितलं की नाही माय, इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत. बाकीच्या लोकांना बाहेर काढतात, आत फक्त साहेब, तू, तुझा वकील नि समोरचा. कॅमेरा हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ खोली. फोटोचा कॅमेरा मागाहून आला.

तिनं मान हलवली. "मंग त मोबाइलवर नाही ना होत? माह्या घरी खोलीच नाही, भाऊ. एकच हाये."

ती गेली. मी गाडीवर गोसीला परत आलो, पण तिचं वाक्य डोक्यातून गेलं नाही. कोर्टाचं काम आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलच्या पडद्यावर आलंय. घरातल्या मारहाणीच्या, पोटगीच्या केसेसही त्यात आल्या. बाईला न्याय मागायचा असेल तर आधी एक खोली लागते, दार लावता येईल अशी. ती खोली कोणाकडे आहे? पन्नास वर्षांचा इतिहास काढून बसलो तेव्हा लक्षात आलं, की बायकांच्या न्यायाची अर्धी लढाई या खोलीचीच आहे. आणि तिची सुरुवात आपल्याच नदीच्या काठावर झाली.

गोसीखुर्दच्या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. ३३ दारांचं धरण. या दारांतून सुटलेलं वैनगंगेचं पाणी खाली देसाईगंजाकडं, म्हणजे वडशाकडं जातं. धरण नव्हतं तेव्हाची गोष्ट. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं. त्या मुलीचं नाव पुढं देशभर गाजलं. जाणत्यांना ते माहीत आहे, मी लिहीत नाही. खालच्या कोर्टात आरोपी सुटले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नाही.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशात मोर्चे निघाले. त्या रेट्यातून १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. इतर बदलांबरोबर एक गोष्ट आली, की बलात्काराचे खटले बंद खोलीत, इन कॅमेरा चालवायचे. त्याच वर्षी नवऱ्याच्या नि सासरच्या छळासाठी ४९८ अ हे कलम आलं. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालयाचा कायदा झाला. त्याच्या ११ व्या कलमात लिहिलंय, की दोघांपैकी एकानंही मागणी केली तर कामकाज बंद दाराआड घ्यायचं.

म्हणजे कोर्टाला हे कळायला बराच काळ लागला, की बाई सगळ्यांसमोर सगळं बोलू शकत नाही. बोलली नाही म्हणजे घडलं नाही, असा अर्थ होत नाही. दार लावलं तर ती बोलते.

मग २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. आपल्याकडं बाया त्याला नुसतं 'डीव्ही' म्हणतात. "माही डीव्ही लागली हाये," असं. या कायद्यानं पहिल्यांदा मान्य केलं, की हिंसा म्हणजे फक्त काठी नि बुक्की नाही. शारीरिक, लैंगिक, शिवीगाळीची, मन मोडण्याची आणि पैशाअडक्याची कोंडी, सगळी हिंसाच. बाई माहेरी येऊन राहत असेल तर माहेरच्या गावच्या कोर्टात अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत लागावा, असा प्रयत्न करायचं कायदा सांगतो. १६ व्या कलमात बंद खोलीची सोयही आहे. ६० दिवसांचं काय होतं, ते ज्यांच्या घरी अशी केस आहे त्यांना विचारा. मी त्यात जात नाही.

आता पडद्याकडं येऊ. कोर्टातला व्हिडीओ कोरोनात आला, असं आपल्याला वाटतं. पण त्याची मोठी केस आपल्याच महाराष्ट्रातली, आणि ती कोरोनाच्या १७ वर्षं आधीची. मुंबईच्या एका डॉक्टरवर निष्काळजीपणाचा खटला होता. त्यात अमेरिकेतल्या एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष हवी होती. तो भारतात यायला तयार नव्हता. व्हिडीओवर साक्ष घ्यायला मुंबई हायकोर्टानं नकार दिला. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. १ एप्रिल २००३ ला, महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चालेल. पडद्यावर दिसणारा साक्षीदार हाही हजरच आहे.

हा निकाल वकील मंडळी नेहमी सांगतात. पण त्यातला एक भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोर्टानं अट घातली होती, की अमेरिकेत साक्षीदार ज्या खोलीत बसेल तिथं आपल्या वकिलातीचा एक अधिकारी हजर पाहिजे. त्यानं बघायचं, की खोलीत दुसरं कोणी नाही, साक्षीदाराला कोणी पढवत नाही, खाणाखुणा करत नाही. शक्य असेल तर साक्ष वकिलातीच्याच खोलीत घ्यावी, असंही सुचवलं होतं.

एका मोठ्या डॉक्टरसाठी, सातासमुद्रापलीकडं, २००३ साली आपल्या कोर्टानं विचारलं होतं, की खोलीत अजून कोण आहे? हे वाक्य लक्षात ठेवा. पुन्हा लागणार आहे.

२०१७ साल या विषयात फार महत्त्वाचं आहे. नवऱ्यानं दूरच्या शहरात घटस्फोटाची केस टाकली, तर बाई सुप्रीम कोर्टात अर्ज करते की केस माझ्या गावच्या कोर्टात आणा. असे अर्ज ढिगानं यायचे. मार्च २०१७ मध्ये कृष्णवेणी नागम प्रकरणात दोन न्यायाधीशांनी तोडगा काढला, की केस हलवण्यापेक्षा व्हिडीओनं चालवता येईल का ते बघा. ऐकायला बरं वाटतं. पण बायकांच्या बाजूनं दुसरा विचार पुढं आला. आतापर्यंत केस आपल्या गावी येत होती. आता कोर्ट म्हणेल, तू तिथंच बस, पडद्यावर ये. मग सोय नक्की कोणाची झाली?

ऑक्टोबर २०१७ मध्ये संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश या प्रकरणात तीन न्यायाधीशांनी फेरविचार केला. निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा आणि न्या. खानविलकर म्हणाले, की नवरा-बायकोच्या केसमध्ये समेटाची बोलणी पडद्यावर होत नाहीत, गुप्तता राहत नाही, बंद खोलीचा हक्क बुडतो. समेट फसल्यावर दोघांचीही संमती असेल, तरच कौटुंबिक न्यायालयानं व्हिडीओचा विचार करावा. न्या. धनंजय चंद्रचूड यांचं मत वेगळं पडलं. त्यांचं म्हणणं असं, की १९८४ च्या कायद्याच्या वेळी हे तंत्रच नव्हतं. ज्या बाईला दूर जाणं परवडत नाही, जिला त्या माणसासमोर जायची भीती वाटते, तिच्यासाठी पडदा हे कोर्टाचं दार आहे. दोघांच्या संमतीची अट ठेवली तर नकाराची किल्ली नवऱ्याच्या हातात जाते.

मी दोन्ही बाजू वाचल्या. खरं सांगू? दोन्ही पटतात. कारण गेल्या काही वर्षांत मी ज्या बायांशी बोललो, त्याही अशाच दोन बाजूंना विभागलेल्या आहेत.

आपल्या भागातल्या एकीनं सांगितलं, "मोबाइलवर झालं ते बरं झालं. कोर्टात गेली का तिकडचे पाच-सहा जण चहाच्या टपरीवर उभे राहत. काही बोलत नव्हते, नुसते पाहत. माह्या पायातला जीव जाये." शिवाय रोवणीच्या दिवसांत एक तारीख म्हणजे एक रोजी बुडाली. आता एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, ते मार्च २०२३ पासून. त्याआधी पूर्ण भाडं. आणि २०२१ च्या दिवाळीपासून महिनोन्‌महिने एसटीचा संप चालला, तेव्हा तर काळीपिवळीवाला मागेल तेवढे पैसे. अशा बाईला पडद्यानं वाचवलं. हे मान्य केलंच पाहिजे.

दुसरीचं उलटं. तिचा नवरा पुण्याला कंपनीत. "मी उन्हाची दोन गाड्या बदलून कोर्टात जातो, अन्‌ तो तिकडून पंख्याखाली बसून बोलते. साहेब विचारते तेव्हा आवाज येत नाही म्हणते. मले दिसते त्याच्या बाजूला कोणीतरी बसून हाये. मी कोणाला सांगू?"

तिसरी सासरच्याच घरात राहत होती. कायद्यानं तिला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, तिनं तो सोडला नाही. धाडसाची बाई. पण सुनावणीची लिंक आली तेव्हा ती एका खोलीत नि सासू दाराच्या पलीकडं. एकाच घरातून दोन्ही बाजू पडद्यावर. "मी हो नि नाही एवढंच बोलली," ती म्हणाली. "बाकी मले संध्याकाळी तिथंच भाकरी खायची होती ना."

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या सेंट जोसेफ काउंटीत मार्च २०२१ मध्ये झूमवर अशीच एक सुनावणी चालली होती. आरोपीनं बाईला मारहाण केल्याचा आरोप. बाई साक्ष देत होती, पण अडखळत होती, सारखी बाजूला बघत होती. सरकारी वकील बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी न्यायाधीश जेफ्री मिडलटन यांना सांगितलं, की मला वाटतं आरोपी याच घरात आहे. आरोपी म्हणाला, मी दुसरीकडं आहे. पोलीस त्या दारावर पोहोचले, तर तो तिथंच, त्याच घरात. त्याचा जामीन गेला. तो व्हिडीओ जगभर फिरला. लोकांनी करमणूक म्हणून बघितला. मी बघितला तेव्हा मला आपली तिसरी बाई आठवली. तिथं सरकारी वकिलाची नजर तीक्ष्ण होती म्हणून पकडलं. इथं नेटवर्कच असं, की चेहरा चौकोन-चौकोन दिसतो. कोणाला काय दिसणार?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ६ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं स्वतःहून आदेश काढून देशभरच्या कोर्टांना व्हिडीओवर काम करायला सांगितलं. दुसरा मार्गच नव्हता. त्याच काळात मारणारा नि मार खाणारी चोवीस तास एका छताखाली कोंडली गेली. राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप नंबर जाहीर करावा लागला, कारण बाईला फोनवर बोलायलाही आडोसा नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका वैवाहिक प्रकरणात २०१७ चा निकाल बाजूला ठेवून व्हिडीओनंच केस चालवायला सांगितली, कारण सगळीच कोर्टं तशी चालली होती. जो प्रश्न तीन न्यायाधीशांनी इतका खल करून सोडवला होता, तो महामारीनं एका फटक्यात बदलून टाकला. चूक कोणाची म्हणायची? कोणाचीच नाही. पण मधे एक गोष्ट निसटली. २००३ चा तो प्रश्न. खोलीत अजून कोण आहे?

आता माझी चूक.

२०२१ चा पावसाळा. माझ्या नात्यातली एक बहीण मार खाऊन माहेरी परत आलेली. नातं नि खुणा बदलून लिहितोय, आणि तिला विचारून लिहितोय. तिच्या घरी साधा फोन. माझ्याकडं स्मार्टफोन, घरी वायफाय. मी म्हटलं, काळजी करू नको, तारखेला माझ्या घरी ये. मी पत्रकार, सगळं समजतं, असा माझा तोरा. मी खुर्ची ठेवली, मागं पांढरी चादर लावली, फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवला. बायकोनं चहा करून दिला. आणि मी तिच्या बाजूला, पडद्यात दिसणार नाही असा, बसून राहिलो. मदतीला. आवाज गेला तर, लिंक तुटली तर.

तिची पाळी आली. काय काय त्रास होता, असं विचारलं गेलं. ती म्हणाली, मारहाण करायचे, पैसे मागायचे. मग थांबली. माझ्याकडं बघितलं. मी हातानं खूण केली, बोल, बोल, घाबरू नको. ती म्हणाली, "एवढंच." पाच-सात मिनिटांत सगळं आटोपलं. मी खूश. म्हटलं, बघ, किती सोपं झालं, भंडाऱ्यापर्यंत जायचं कामच पडलं नाही.

पुढं कित्येक महिन्यांनी बायकोकडून कळलं. जे सांगायला हवं होतं ते तिनं सांगितलंच नव्हतं. मी लिहीत नाही, पण २००५ च्या कायद्यात त्यासाठी शब्द आहे. मारहाणीच्या पुढचा. अर्ज तयार करतानाही तिचं वकिलाशी बोलणं फोनवर, घरच्या ओसरीत, बापासमोर झालेलं. तिथंही नाही. बायकोनं तिला विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, "दादा बसला होता ना तिथं."

ज्या खोलीतून कायद्यानं सगळ्यांना बाहेर काढायला पन्नास वर्षं घेतली, त्या खोलीत मी स्वतः जाऊन बसलो होतो. चांगल्या मनानं. चहा पीत.

आणि त्याचं पुढं काय झालं ते ऐका. नंतर तिनं धीर करून वकिलाला सगळं सांगितलं, तेव्हा उलटतपासणीत समोरून पहिला प्रश्न आला, की त्या दिवशी तर एवढंच म्हणाल्या होत्या, आता नवीन कुठून आठवलं? १९७८ मध्ये विचारलं गेलं, ओरडली का नाहीस. आता विचारतात, पडद्यावर बोलली का नाहीस. मधे पंचेचाळीस वर्षं गेली.

कोणावर राग काढायला हे लिहीत नाही. साहेबांना काय माहीत की चादरीच्या बाजूला भाऊ बसलाय? कोणी विचारलं नाही, कारण विचारायची रीतच पडलेली नव्हती. आणि गंमत अशी, की रीत कागदावर आहे.

कोरोनानंतर नियम झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे व्हिडीओ सुनावणीचे नियम २०२२ चे आहेत. त्यात साक्षीदार जिथं बसतो त्या टोकालाही एक समन्वयक असावा, अशी योजना आहे. त्यानं ओळख तपासायची, नको ते लोक खोलीत नाहीत हे बघायचं. परवानगीशिवाय रेकॉर्डिंगला मनाई आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी संहिता आली. तिच्या ५३० व्या कलमानं जवळजवळ सगळंच कामकाज ऑनलाइन घ्यायची मुभा दिली. पण साक्षीच्या कलमांत एक बारीक ओळ आहे, की दृक्‌श्राव्य साक्ष राज्य सरकारनं जाहीर केलेल्या ठिकाणी घेता येईल. ठरवून दिलेलं ठिकाण. म्हणजे खोली!

त्याहून जुनी गोष्ट आहे सखी वन स्टॉप सेंटरची. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ही योजना काढली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय, की सेंटरमध्ये व्हिडीओची सोय असेल आणि बाईची इच्छा असेल तर ती तिथूनच पोलिसांना किंवा कोर्टाला जबाब देऊ शकेल. कोरोनाच्या पाच वर्षं आधी लिहिलेली ही ओळ. पण सखी सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी. आमच्या गोसी भागातल्या बाईनं भंडाऱ्याला जायचं, तर पवनीपासूनच अड्याळवरून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मग ऑनलाइनचा उपयोग काय राहिला?

काहीच होत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरला 'न्याय कौशल' नावाचं देशातलं पहिलं ई-रिसोर्स सेंटर सुरू झालं. उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केलं, आपल्या नागपूरचेच. २०२१ मध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टानं पाच डोंगरी जिल्ह्यांसाठी फिरत्या ई-कोर्टाच्या गाड्या काढल्या. साक्षीदार कोर्टात येऊ शकत नसेल तर गाडी गावाजवळ जाते, बाई आत बसते, दार लागतं. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, स्मृती बडदे खटल्यात, घाबरलेल्या नि दुबळ्या साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी साक्ष केंद्रं उभारायला सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं ७,२१० कोटी मंजूर केले. पैसा आहे, नियम आहे. मग त्यातून पवनी तालुक्यातल्या एका बाईला एक खोली मिळायला काय हरकत आहे?

काही मित्र म्हणतील, सुनावणी कोर्टातच घ्या, ऑनलाइन बंद करा. मला ते पटत नाही. टपरीवर उभ्या असलेल्या त्या पाच-सहा जणांचं काय करणार? काही म्हणतील, आता सगळं मोबाइलवर, बाईनं घरी बसून केस लढावी. तेही नाही. जे घर सोडून ती न्याय मागतेय, त्याच घरातून बोलायला लावणं हा कसला न्याय? आणि माहेरचं घर सुरक्षित असतं हा माझा भ्रम होता, तो तुम्हाला वर सांगितला.

माझं मागणं साधं आहे. तीन गोष्टी.

एक, पवनी तालुक्यात एक ठरलेली खोली असावी. पंचायत समितीत, ग्रामीण रुग्णालयात, कुठंही चालेल. चांगलं नेट, आतून कडी आणि सोबत एक प्रशिक्षित बाई. बाईला हवं असेल तर ती आत थांबेल, नको असेल तर दाराबाहेर उभी राहील.

दोन, कोणतीही सुनावणी सुरू करताना पहिला प्रश्न हा असावा, की तुम्ही कुठं आहात, खोलीत अजून कोण आहे, मोकळेपणानं बोलू शकता का? आणि तो दोन्ही बाजूंना विचारावा. कॅमेरा एकदा खोलीभर फिरवायला लावावा. यात पैसे लागत नाहीत.

तीन, ऑनलाइन की समोर, हे आधी बाईला विचारावं. एकदा नाही, प्रत्येक तारखेला. कारण आज तिला पडदा हवा असेल, उद्या तिला त्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलायचं असेल. तोही तिचाच हक्क.

पावसाळ्यात धरणाची दारं उघडायच्या आधी नदीकाठच्या गावांना इशारा देतात. आपण पाण्याबरोबर जगणारी माणसं, आपल्याला कळतं की दार कधी, किती नि कोणाच्या हुकमानं उघडायचं हे ठरलेलं लागतं. नाहीतर खालचं गाव जातं. पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात घरं जवळजवळ, भिंतीला भिंत. इकडचं बोललेलं तिकडं ऐकू जातं. तिथल्या बाईला खोली म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता कामाची माहिती. सेव्ह करून ठेवा.

महिला हेल्पलाइन १८१. तातडीला ११२. कायदेशीर मदतीसाठी १५१००. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा. घरगुती हिंसेचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो. सुनावणी बंद खोलीत घ्या, असं स्वतः सांगता येतं. सुनावणी मोबाइलवर असेल आणि बोलायला जागा नसेल, तर वकिलाला आधीच सांगा की मला कोर्टातून किंवा सखी सेंटरमधून हजर व्हायचंय. मागितलं तर मिळायचा मार्ग आहे, न मागता कोणी देत नाही.

आणि भावांनो, काकांनो, मामांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्या फोनवर तुमच्या बहिणीची, पुतणीची सुनावणी असेल तर फोन लावून द्या, आवाज तपासा, पाण्याचा तांब्या ठेवा आणि बाहेर या. दार लावा. ओसरीत बसा. आत काय बोलली ते नंतर विचारू नका.

बस स्टँडवरची ती बाई मला परत भेटलेली नाही. भेटली तर सांगेन, की तुझा प्रश्न बरोबर होता, मी उगाच हसलो.

कमेंटमध्ये आपलं म्हणणं जरूर लिहा. पण कोणाच्या घरातल्या बाईचं नाव, गाव लिहू नका. तसं दिसलं की मी काढून टाकीन.